दाराबाहेरचे सभासद

हॅनोव्हर, २२ सप्टेंबर २०२४

ती. दत्ताकाका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला एक मोठी गोष्ट सांगत होते आणि तुम्ही "निवडणूक? कुठल्या पक्षाकडून उभी राहिलीस?" एवढंच विचारत राहिलात. साखर कारखान्याच्या बॉयलरने तुमचे कान नेले, उरलेलं काम इंटरनेटने केलं. म्हणून आता पत्र. पत्रात ओरडावं लागत नाही.

पक्ष वगैरे काही नाही. इथे नोकरी करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एखाद्या आरोग्य विमा संस्थेचा सभासद असतो. तिला क्रांकेनकासे म्हणतात, बोलताना आम्ही नुसतं कासे म्हणतो. पगारातून वर्गणी जाते आणि आजारपणात डॉक्टर, दवाखाना, औषध सगळं कासे बघते. ते सरकारी खातं नाही आणि कुणाचं दुकानही नाही. मग मालक कोण? इतकी वर्षं इथे राहून मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. उत्तर ऐकून अंगावर काटा आला. मालक आम्हीच, काका. सभासदांनी निवडलेली माणसं आणि कंपन्यांनी पाठवलेली माणसं मिळून एक नियामक मंडळ होतं. कारभार रोज चालवायचा तो पगारी प्रमुखाने. त्याला नेमायचं, त्याला प्रश्न विचारायचे, कासेचे नियम ठरवायचे, ते मंडळाने. या कामाला पगार नाही. इथे त्याला मानाचं काम म्हणतात.

मी त्यात कशी गेले? आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये फ्राऊ विखेर्ट नावाच्या बाई स्वयंपाक बघतात. त्या कामगार संघटनेच्याही आहेत. गेल्या वर्षी या मंडळाच्या निवडणुकीसाठी त्यांच्या यादीत बायका कमी पडत होत्या. माझ्या ताटलीत बटाटे वाढता वाढता म्हणाल्या, "तुला या देशात सहा वर्षं झाली ना? मग तू उभी राहू शकतेस."

मी म्हटलं, "मी जर्मन नाही."

"आजारी पडतेस ना?"

झालं. जागा तेवढेच उमेदवार होते, त्यामुळे तुमची तनू बिनविरोध निवडून आली.

पहिल्या सभेत कासेचे प्रमुख उभे राहून पुढच्या वर्षाचं सांगत होते. सूट, टाय, मागे पडद्यावर रंगीत आलेख. फ्राऊ विखेर्टनी हात वर केला. "हे मला समजलं नाही. परत सांगा." ते परत बोलले. "अजून नाही समजलं." कुणी हसलं नाही, काका. कुणी घड्याळही बघितलं नाही. त्यांनी आलेख बाजूला ठेवले आणि साध्या शब्दांत तिसऱ्यांदा सांगितलं. कॅन्टीनमधल्या बाईला समजेपर्यंत ती सभा पुढे सरकली नाही.

आता मला हरकतींच्या समितीवर घेतलंय. कासेने एखाद्याला "नाही, हे आम्ही देणार नाही" असं कळवलं की तो हरकत घेऊ शकतो. ती फाइल शेवटी आमच्या टेबलावर येते. आम्ही चौघं असतो, दोन सभासदांकडून, दोन कंपन्यांकडून. डॉक्टर नाही, वकील नाही. माणसाचं नाव झाकलेलं असतं. त्याचा गुडघा किंवा त्याचा श्वास आमच्यासमोर असतो आणि "हो" किंवा "नाही" म्हणायचं असतं. आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, असं मी स्वतःला बांधून घेतलंय. समितीच्या पहिल्या बैठकीनंतर मी ट्रामने गेले नाही, चालत घरी गेले. ट्राममध्ये बसले असते तर कुणाला तरी सांगून टाकलं असतं असं वाटलं.

आणि तुम्ही आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर! एका घरात दोन नियामक. तुमच्या बैठकीत काय चालतं? तुम्ही काय काय विचारता? सविस्तर लिहा.

तुमची,
तनया

निंबखेडे, २० ऑक्टोबर २०२४

चि. तनू,

काका-काकूचा हात तुझ्या डोक्यावर आहेच, तो वेगळा लिहीत नाही. पत्र पोचलं. मी वाचलं, मग तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं, मग सलूनमध्ये नेलं. तिथे निम्म्या गावाची दाढी होईपर्यंत वाचलं. बिनविरोध म्हटल्यावर सगळे म्हणाले, रक्त बोलतं. मीही कारखान्याच्या कामगार पतपेढीत बिनविरोधच होतो.

तुझी ती स्वयंपाकीण बाई जबरी दिसते. पण मानाचं काम म्हणतेस तर शाल-श्रीफळ मिळालं की नाही, ते लिहिलं नाहीस. फोटो काढला असेल तर पाठव.

आमच्या बैठकीचं विचारतेस. रुग्णालयाच्या मागच्या दाराशी जीप लागते, तिथून आम्हाला सरळ साहेबांच्या खोलीत नेतात. मला हाताला धरून बसवतात, ऐकू येत नाही म्हणून पुढची खुर्ची. मग चहा. मग मोठे डॉक्टरसाहेब बोलतात. आम्ही काय विचारणार? ते शिकलेले. खरं सांगू का, मला निम्मं ऐकूच येत नाही, पण मान बरोबर वेळेवर हलते. आमच्यात पद्माकर गुरुजी आहेत, त्यांना सगळं ऐकू येतं, त्यांची मान माझ्यापेक्षा उशिरा हलते. म्हणून लोक मला हुशार समजतात.

पण मान आहे. दवाखान्यात गेलो की लोक नमस्कार करतात. कुणाच्या सुनेला लवकर बघायला सांगायचं असलं की माझ्याकडे येतात. मी चिठ्ठी देतो. खुर्ची कशासाठी असते, पोरी? आपल्या माणसाच्या उपयोगी पडायला. तूही तिथे आपल्या लोकांकडे लक्ष ठेव. परक्या मुलखात आपल्याला आपणच.

तुझ्या गौरांगदादाचंही एक काम मार्गी लागेल असं दिसतं. झालं की कळवतो.

थंडीत डोकं झाकत जा.

तुझा
दत्ताकाका

हॅनोव्हर, २४ नोव्हेंबर २०२४

ती. दत्ताकाका,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच खोलीत खूप हसले. शाल-श्रीफळ मिळालं नाही. सफरचंदाचा रस आणि कोरडी बिस्किटं मिळतात. फोटो काढला नाही. इथे कुणाला ते सुचलंच नाही.

आता हसायचं थांबवते, कारण एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती.

इथे माझी एक मैत्रीण आहे, सुकन्या. तिचा नवरा कपिल माझ्याच कंपनीत आहे. आधी ते दक्षिणेकडच्या इंगोलश्टाट शहरात होते. मी इथे नवी होते, मला ताप होता, तेव्हा ही बाई ओळख नसताना मऊ भाताचा डबा घेऊन चार मजले चढून आली होती. त्यांचा मुलगा आरव आठ वर्षांचा आहे. त्याचे पाय जन्मापासून ताठ आहेत. चाकाची खुर्ची आहे, कुबड्यांवर थोडं चालतो. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये, आणि निम्म्या वेळा नुसतं "गेनाऊ", म्हणजे "बरोबर". एखाद्या म्हाताऱ्या साहेबासारखं.

त्याच्या वर्गातली मुलं सायकलवरून पोहायला जातात. हा आईच्या गाडीतून मागून जातो. त्याच्या डॉक्टरांनी तीन चाकांची, पाय बांधता येतील अशी सायकल लिहून दिली. कासेने नाही म्हणून कळवलं. चाकाची खुर्ची आहे, सायकल ही हौस झाली, असं. गणपतीत सुकन्याने मला हे सांगितलं तेव्हा मी आरवला विचारलं, तुला सायकल कशाला हवी? तो म्हणाला, "सगळे नेहमी माझ्यासाठी थांबतात. मला एकदा पुढे जाऊन सगळ्यांसाठी थांबायचंय."

मी तिथल्या तिथे, आरतीचं ताट हातात असताना, सुकन्याला म्हणाले, "काळजी करू नकोस. मी आहे ना आत." नंतर तिच्या घरी बसून हरकतीचा अर्ज मीच जर्मनमध्ये लिहून दिला. कुणाची फाइल कुठल्या समितीकडे जाते हे मला नीट माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घेतलं नाही.

या महिन्यात आमची समिती बसली. त्या खोलीत काय बोललं गेलं ते मी तुम्हालाही लिहिणार नाही. एवढंच सांगते, अधिकाऱ्याने एका फाइलचं पहिलं वाक्य वाचलं आणि नाव झाकलेलं असूनही मला कळलं. सभासदांच्या बाजूने फ्राऊ विखेर्ट आणि मी, दोघीच. समोर कंपन्यांकडून आलेले दोघं, त्यातले एक हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडेस. फार कडक माणूस अशी त्यांची ख्याती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

मी म्हटलं, "या कुटुंबाला मी ओळखते. अर्ज लिहायला मी मदत केलीय. माझं मन आधीच बांधलेलं आहे." आणि उठून दाराबाहेर गेले.

बाहेरचं मात्र लिहू शकते, कारण बाहेर मी एकटीच होते. लांब बोळ, एक बाक, खिडकीतून दिसणारं पानं झडलेलं झाड. दार जाड होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं आणि मला तुमची आठवण आली, ओठ हलतात आणि आवाज नाही. मला वाटत होतं, मी त्या पोराचा हात अर्ध्या रस्त्यात सोडून आले.

मी बरोबर केलं का, काका?

तनया

निंबखेडे, १९ डिसेंबर २०२४

चि. तनू,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुला बाहेर काढलं? तुला? बिनविरोध निवडून आलेल्या पोरीला बोळात बसवलं? तू कितीही सभ्यपणे लिहिलंस तरी तुझ्या काकाला कळतं. आपल्याकडचं मूल म्हटल्यावर त्यांनी तुला आधीच हेरून ठेवलं असेल, ही यांच्यातलीच, हिला बाहेर पाठवा. आणि तू भिडस्त, उठलीस. मी असतो तर खुर्चीला चिकटून बसलो असतो. ऐकूच आलं नाही म्हटलं असतं.

आणि समजा तू आपणहून उठलीस, तर का उठलीस? ज्या बाईने तापात तुला भात खाऊ घातला तिच्या पोराचं एवढंसं काम. तुला तिथे बसवलं कशासाठी? खुर्ची आपल्या माणसासाठी वापरायची नाही तर काय तिच्यावर उशी ठेवून पूजा करायची? काकू म्हणते, पोरगी शिकून भोळी झाली. मी तिला गप्प केलं, पण मनात तेच आलं.

इकडे चांगली बातमी. रुग्णालयातल्या पेशंटच्या जेवणाचं काम बाहेर द्यायचं आहे. गौरांगची खानावळ धड चालत नाही हे तुला माहीतच आहे. मी डॉक्टरसाहेबांच्या कानावर घातलं. ते हसून म्हणाले, तुम्ही आहात ना समितीत, मग प्रश्नच नाही. गौरांगला सांगितलं, काळजी करू नको, मी आहे ना. पुढच्या बैठकीत होऊन जाईल.

त्या ब्रांडेसला माझा राम राम सांगू नकोस.

दत्ताकाका

हॅनोव्हर, १९ जानेवारी २०२५

ती. दत्ताकाका,

तुम्ही माझ्यासाठी रागावलात, त्याने मला बरंच वाटलं. पण मला कुणीही बाहेर काढलं नाही. मी बोलले तेव्हा कुणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. हेर ब्रांडेस दाराजवळ होते. ते उठले, त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि "आभारी आहे" म्हणाले. टेबलावरची माझ्या नावाची पाटी कुणी हलवली नाही. मला परत बोलावलं तेव्हा माझ्या अर्ध्या प्यालेल्या रसाच्या ग्लासावर कुणीतरी बशी झाकून ठेवली होती. मी बसले आणि पुढची फाइल सुरू झाली. मागचीचं काय झालं, कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारताच येत नाही.

मला या साधेपणाचं अजून नवल वाटतं. मी इतक्या मोठ्या मनाने काहीतरी केलंय असं मला बोळात वाटत होतं. त्यांच्या लेखी मी दार लावून घेण्याइतकं साधं काम केलं होतं.

का उठलीस, विचारता. मी आत बसले असते आणि आरवला सायकल मिळाली असती, तर ती मी दिलेली सायकल झाली असती. मग ज्या पोराची आई कुणाच्याच आरतीला येत नाही, तिने कुणाकडे जायचं? त्या पोराची फाइलही आमच्याच टेबलावर येते, काका. नाव झाकून येते.

हे लिहायला सोपं आहे. सुकन्याला सांगायला नव्हतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले आणि सांगितलं.

"म्हणजे तू मत दिलंच नाहीस?"

"देता येत नव्हतं."

"येत नव्हतं की दिलं नाहीस?"

कपिल मध्ये पडला. "हे बघ, सुकन्या, नियम असतो तसा."

"नियम मला माहीत आहेत. मैत्रीण माहीत नव्हती." तिने तिळगुळाचा डबा माझ्या हातातून घेतला, झाकण न उघडता ओट्यावर ठेवला. आतल्या खोलीतून आरवने जर्मनमध्ये ओरडून विचारलं, सायकल लाल मिळेल का? त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर कपिल उचलतो आणि हवामानाबद्दल बोलतो.

गौरांगदादाचं वाचलं. दादाच्या हातच्या आमटीची मला इथे आठवण येते, तो वाईट खाऊ घालणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला काही सांगण्याएवढी मी मोठी नाही. एकच विचारते. उद्या एखाद्या पेशंटच्या ताटात भात कच्चा निघाला, तर तुमच्या बैठकीत तो प्रश्न कोण विचारेल?

रागावू नका.

तनया

निंबखेडे, ६ एप्रिल २०२५

चि. तनू,

उशीर झाला. टपालाचा दोष नाही. तुझं पत्र वाचून मला राग आला होता. या घरातली पहिली पदवीधर तू. तुझा निकाल लागला तेव्हा तुझ्या बापाने देवाला नारळ फोडला आणि मी बॉयलरवर सगळ्या पाळीला पेढे वाटले. ती पोर आता मला विचारते, भात कच्चा निघाला तर कोण विचारेल. मी उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. कारण उत्तर येत नव्हतं. गौरांगच्या ताटाबद्दल मी विचारणार नव्हतो, आणि माझ्या तोंडावर दुसरा कुणी विचारणार नव्हता.

बैठक पुढे ढकलत ढकलत मार्चमध्ये झाली. जेवणाचा विषय निघाला. डॉक्टरसाहेबांनी गौरांगचं नाव घेतलं. मला ऐकू आलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघून हसले त्यावरून कळलं. हसण्यात वाईट काही नव्हतं. एखाद्याचं काम झालं की हसतात, तसंच. माझी मान हलायच्या बेतात होती. आणि काय झालं कोण जाणे, मान हलायच्या आधी पाय हलले. मी म्हटलं, "मी बाहेर बसतो." आणि गेलो. मागच्या दाराने गेलो असतो तर जीपमध्ये जाऊन बसल्यासारखं दिसलं असतं, म्हणून पुढच्या दाराने गेलो. पेशंट बसतात त्या बाकावर बसलो.

तुझ्याकडे दार उघडून धरलं. माझ्याकडे काय झालं ऐक. पद्माकर गुरुजी धावत आले.

"दत्तोबा, का रुसलात? चहा आधी दुसऱ्याला दिला म्हणून?"

"रुसलो नाही."

"मग खुर्ची मागे लागली का? सांगा, बदलून घेऊ."

"गुरुजी, गौरांग माझा मुलगा आहे. मी असताना तुम्ही मोकळेपणाने बोलणार नाही. तुमचं होऊ द्या, मग बोलवा."

ते आत गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण मोठे डॉक्टरसाहेब स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "दत्तात्रयराव, पुढच्या वेळी सत्कार ठेवू." मी हात जोडले. म्हटलं, "साहेब, आत जा."

आता मुद्द्याचं. मी बाकावर बसलो होतो. खिडकीतून सिस्टर नाव पुकारत होत्या. त्यांचे ओठ हलायचे आणि कुणीतरी उठायचं. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, डोळ्यावर फडकं धरून. मी विचारलं, "तुमचा नंबर कधी?" तिने कानाला हात लावला. "आं?" मी ओरडलो. ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. सगळं आवार आमच्याकडे बघायला लागलं. ती म्हणाली, सकाळपासनं बसलेय, नावच घेत न्हाईत. पलीकडच्या पोरीने मला खुणेने सांगितलं, घेतलं होतं, उठली नाही म्हणून पुढच्याला घेतलं.

तनू, मी बहिरा माणूस. इतके दिवस त्या समितीवर. आणि त्या दवाखान्यात बहिऱ्याचा नंबर जातो, हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी मागच्या दाराने जातो. मला कुणी पुकारत नाही, हाताला धरून नेतात. ज्यांना मी चिठ्ठ्या देत होतो ते तिच्या आधी आत जात होते. ती माझ्या चिठ्ठीमागे बसली होती.

मी तिचा हात धरला आणि खिडकीपाशी नेली. हुकूम सोडला नाही. सिस्टरला सांगितलं, यांना ऐकू येत नाही, मलाही येत नाही. सिस्टर भली बाई, तिने लगेच घेतलं.

मला आत बोलावलं. म्हणाले, जेवणाचं काम बचत गटाच्या बायकांना दिलं, त्यांचं नियोजन नीट होतं. मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, "माझा एक प्रश्न आहे." मला बैठकीत प्रश्न असतो हे त्यांना नवीन होतं. मलाही नवीन होतं. मी विचारलं, "ज्याला ऐकू येत नाही त्याला त्याचा नंबर कसा कळतो?" डॉक्टरसाहेबांनी बैठकीतल्या हेडसिस्टरकडे पाहिलं, हेडसिस्टरने कागदाकडे पाहिलं. मी तुझ्या त्या स्वयंपाकीण बाईसारखा थांबून राहिलो. मग मीच सांगितलं, कारखान्यात बॉयलरच्या आवाजात कुणाला हाक ऐकू यायची? आमचे पितळी बिल्ले होते, पाळी लागली की फळ्यावर आकडा लिहायचे.

आता लाकडी बिल्ले आलेत, खिडकीशेजारी फळा आहे. बिल्ल्यांवरचे आकडे गौरांगने रंगवले. तोंड फुगवूनच, पण आकडे सरळ काढले. काकू माझ्याशी वाढण्यापुरतंच बोलते. होईल ठीक.

चिठ्ठ्या बंद केल्या. सलूनमध्ये लोक म्हणतात, दत्तोबाचं वजन गेलं. जाऊ दे.

त्या पोराच्या सायकलचं काय झालं? तुला विचारता येत नाही, मला येतं. विचारतो आहे.

दत्ताकाका

ता. क. त्या ब्रांडेसला राम राम सांग.

हॅनोव्हर, ११ मे २०२५

ती. दत्ताकाका,

तुमचं पत्र मी कॅन्टीनमध्ये नेलं. फ्राऊ विखेर्टना ओळ ओळ जर्मन करून सांगितलं. बिल्ल्यांपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला होता आणि माझ्यामागे रांग लागली होती. त्यांनी विचारलं, "आणि आपण? आपण कासेच्या पुढच्या दाराने कधी गेलो?" पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कासेच्या कचेरीत साध्या सभासदांसारख्या जाऊन रांगेत बसणार आहोत. कुणाला न सांगता.

हेर ब्रांडेसना राम राम पोचवला. काय ते समजावून सांगावं लागलं. त्यांनी तो शब्द दोनदा घोकला आणि गंभीरपणे परत केला, तेव्हा घ्या.

तुमचं पत्र मी माझ्या टेबलासमोर लावलंय, काका. मी एवढी मोठी संस्था, एवढे नियम बघून थक्क झाले होते. पण एक माणूस खोलीतून उठून बाकावर बसतो आणि त्या बाकावरून सगळा दवाखाना दिसायला लागतो, हे मला कुठल्याच सभेत दिसलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. मला समितीने काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण गेल्या शनिवारी सुकन्याचा फोन आला. कपिलचा नाही, तिचा. "आयलेनरीडंला ये," एवढंच. आयलेनरीडं म्हणजे इथलं शहराच्या मध्ये असलेलं जंगल. मी गेले. ती पायवाटेवर एकटीच उभी होती.

चालता चालता म्हणाली, "त्यांनी निर्णय थांबवला होता. आधी मुलाला बघा म्हणाले. एक डॉक्टर बाई शाळेत आल्या, त्याला वर्गाबरोबर चालताना बघितलं, उसन्या सायकलवर बसवून बघितलं. मग पत्र आलं, हो म्हणून."

मी तिच्या बरोबरीने चालत राहिले.

"त्या पत्रात मी तुझं नाव शोधलं," ती म्हणाली. "खालपर्यंत. नव्हतं."

"नसतंच."

"माहितेय. आधी राग आला, नाव नाही म्हणून. मग वाटलं, म्हणजे हे कुणाच्या ओळखीने आलं नाही. हे त्याचंच आहे." मग म्हणाली, "तिळगूळ खाल्ला आम्ही. खवट झाला होता."

"मग टाकायचा ना."

"टाकणार कसा? तू केला होतास."

तेवढ्यात झाडांमधून घंटी वाजली. वाट पुढे वळते तिथे एक लाल सायकल आडवी उभी होती. तीन चाकं, पाय पट्ट्यांनी बांधलेले, डोक्यावर मोठं हेल्मेट. आरव. इतका पुढे की चेहरा नीट दिसत नव्हता. तो जर्मनमध्ये ओरडला, कुठे राहिलात, मी कधीचा थांबलोय!

माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले. सुकन्याने माझं मनगट धरलं.

"हळू चाल," ती म्हणाली. "थांबू दे त्याला जरा."

तुमची,
तनया